मुरुमांचे वण

मुरुमांचे वण म्हणजे मुरूम किंवा तारुण्यपीटिका बऱ्या झाल्यानंतर त्वचेवर कायम राहणाऱ्या खुणा होत. मुरुमाचा दाह त्वचेच्या वरच्या थरापुरता मर्यादित राहिला, तर तो मागमूस न ठेवता ओसरतो. तो खालच्या थरापर्यंत, म्हणजे अंतस्त्वचेपर्यंत उतरला, तर तेथील कोलॅजेन तंतू नष्ट होतात. ही झीज भरून येताना ऊतक कमी पडले तर खड्डा राहतो, जास्त झाले तर उंचवटा येतो. गाल, कानशिले, हनुवटी, पाठ, खांदे आणि छाती या ठिकाणी असे वण प्रामुख्याने आढळतात. चेहऱ्यावर खड्ड्यांचे प्रमाण अधिक असते, तर छाती, खांदे व जबड्याची कड येथे उंचवट्यांचे.

मुरूम गेल्यावर मागे राहणारी प्रत्येक खूण वण नसते. भारतीयांच्या गव्हाळ व सावळ्या त्वचेवर राहणाऱ्या बहुसंख्य काळ्या-तपकिरी खुणा हे केवळ डाग असतात आणि ते कालांतराने फिके पडतात. खड्डे मात्र आपोआप भरत नाहीत. या दोहोंतील फरक न ओळखल्यामुळे अनेकदा डागांवर खड्ड्यांचे उपचार केले जातात आणि खड्ड्यांवर डागांची मलमे चोळली जातात.

संज्ञा

मराठीत ‘वण’ हा शब्द जखम भरून आल्यावर राहणाऱ्या खुणेसाठी रूढ आहे. तो संस्कृत ‘व्रण’ या शब्दापासून आला. संस्कृतात व्रण म्हणजे जखम वा क्षत. मराठीने तद्भव रूप घेताना अर्थ एक पाऊल पुढे सरकवला आणि जखमेच्या खुणेला वण म्हटले. ‘देवीचे वण’ हा शब्दप्रयोग एकेकाळी घरोघरी परिचित होता. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला आणि चेहऱ्यावर देवीचे वण असलेली पिढी हळूहळू मागे पडली. आज तरुण चेहऱ्यावर खड्डे दिसले, तर त्यांचे कारण बहुधा मुरूम किंवा कांजिण्या हेच असते.

‘मुरूम’ हा शब्दही गमतीचा आहे. रस्त्यावर पसरतात त्या तांबूस, खड्याळ मातीलाही मराठीत मुरूमच म्हणतात. ग्रांथिक मराठीतील ‘तारुण्यपीटिका’ या शब्दाचे मूळ आयुर्वेदीय परिभाषेत आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात तरुणांच्या तोंडावर येणाऱ्या पुटकुळ्यांना ‘मुखदूषिका’ असे नाव असून त्यांना शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली आहे. त्याच ग्रंथात जखमेच्या साठ उपक्रमांमध्ये ‘कृष्णकर्म’ व ‘पांडुकर्म’ अशी दोन नावे येतात. भरून आलेली जखम पांढरी पडली असल्यास तिला त्वचेचा रंग आणणे आणि काळी पडली असल्यास ती उजळवणे, असा त्यांचा हेतू आहे. खुणेचा रंग आणि खुणेचा आकार हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, ही जाणीव त्यामागे दिसते.

मुरुमापासून वणापर्यंत

त्वचेतील तैलग्रंथी रोमकूपात उघडतात. वयात येताना संप्रेरकांच्या प्रभावाने तेलाचे प्रमाण वाढते, रोमकूपाच्या तोंडाशी मृत पेशींचा बूच बसतो आणि आत साठलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जिवाणू वाढतो. येथपर्यंत केवळ काळे वा पांढरे कण दिसतात. रोमकूपाची भिंत आतल्या आत फुटली, की तेल, केसाचे तुकडे आणि जिवाणू अंतस्त्वचेत सांडतात. शरीराच्या दृष्टीने ते परके द्रव्य असते. त्याला हुसकावून लावण्यासाठी जमलेल्या पांढऱ्या पेशी जी विकरे सोडतात, ती कोलॅजेनही विरघळवतात. वणाचा पाया येथे घातला जातो.

काहींना मोठाले मुरूम येऊनही चेहरा पुन्हा स्वच्छ होतो आणि काहींना लहानशा पुटकुळ्यांनीही खड्डे पडतात, याचे कारण या दाहाच्या गतीत आहे. ज्यांचा दाह जोरात येऊन लवकर ओसरतो, त्यांना वण कमी पडतात; ज्यांच्यात तो मंद पण दीर्घकाळ धुमसत राहतो, त्यांना जास्त. ही प्रवृत्ती बरीचशी आनुवंशिक असते. आई, वडील किंवा मोठ्या भावंडांच्या चेहऱ्यावर खड्डे असतील, तर धाकट्याच्या मुरुमांकडे ‘वयाचा भाग’ म्हणून दुर्लक्ष करणे योग्य नाही.

इंग्लंडमधील लेटन, हेंडरसन आणि कनलिफ यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुरुमांच्या रुग्णांपैकी सुमारे ९५ टक्क्यांच्या चेहऱ्यावर कमी-अधिक प्रमाणात वण आढळले. मुरूम सुरू झाल्यापासून पुरेसा उपचार मिळेपर्यंत जितका उशीर होतो, तितके वण वाढतात, असाही त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे वणावरील सर्वांत परिणामकारक उपचार वण पडण्याआधीच, मुरूम सुरू असतानाच करावा लागतो. तारुण्यपीटिका लग्नानंतर आपोआप जातात, या समजुतीपायी जी चार-पाच वर्षे वाया जातात, त्यातच बहुतेक खड्डे पडतात.

मुरूम नखांनी फोडल्याने हानी दुप्पट होते. दाबलेला पू नेहमी बाहेरच येतो असे नाही. रोमकूपाची भिंत फुटून तो आतही पसरतो.

डाग आणि खड्डा

दाह ओसरल्यावर त्वचेतील रंगपेशी काही काळ अधिक मेलॅनिन तयार करतात. त्यामुळे राहणारा तपकिरी किंवा काळसर डाग हा सपाट असतो. त्यावरून बोट फिरवले, तर काही लागत नाही. गोऱ्या त्वचेवर अशीच खूण लालसर किंवा गुलाबी दिसते. ती फैलावलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांमुळे असते. मेलॅनिन केवळ वरच्या थरात असल्यास डाग काही महिन्यांत फिका पडतो. ते खालच्या थरात झिरपले असल्यास वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि डागाला राखाडी-निळसर छटा असते. ऊन लागत राहिल्यास हा काळ आणखी लांबतो.

घरच्या घरी फरक ओळखण्याच्या दोन साध्या रीती आहेत. एक, तिरका उजेड. समोरून पडणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये खड्डा लपतो. खिडकीशी बाजूने उभे राहिल्यास त्याची सावली दिसते. डागाला सावली नसते. दुसरी, त्वचा ताणून पाहणे. दोन बोटांनी गाल हलका ताणल्यावर काही खड्डे सपाट होतात, काही तसेच राहतात. या चाचणीला उपचारांची निवड करतानाही महत्त्व आहे.

गुडमन आणि बॅरन यांनी २००६ मध्ये मांडलेली श्रेणीपद्धती भारतातील त्वचारोगतज्ज्ञही वापरतात. तिच्या पहिल्या श्रेणीत केवळ रंगाचे, सपाट डाग येतात. दुसऱ्या श्रेणीतील खड्डे किंवा उंचवटे ५० सेंटीमीटर, म्हणजे साधारण हातभर अंतरावरून लक्षात येत नाहीत. तिसऱ्या श्रेणीतील तेवढ्या अंतरावरून दिसतात, पण त्वचा ताणल्यावर सपाट होतात. चौथ्या श्रेणीतील ताणूनही जात नाहीत. आरशाला नाक टेकवून मोजलेले खड्डे आणि समोरच्या माणसाला दिसणारे खड्डे यांतील अंतर या पद्धतीने स्पष्ट होते.

खड्ड्यांचे प्रकार

जेकब, डोव्हर व कामिनर यांनी २००१ मध्ये केलेले वर्गीकरण सर्वत्र मान्य आहे. त्यात खड्ड्यांचे तीन प्रकार येतात. ‘आइसपिक’ प्रकारचे खड्डे अरुंद, दोन मिलिमीटरपेक्षा कमी तोंडाचे आणि खोल असतात. जाड सुईने टोचल्यासारखे दिसतात. हा सर्वाधिक आढळणारा प्रकार असून उपचारांना सर्वांत चिवट आहे. ‘बॉक्सकार’ खड्डे रुंद, उभ्या कडांचे व सपाट तळाचे असतात. कांजिण्यांच्या वणांशी त्यांचे साम्य आहे. ‘रोलिंग’ खड्ड्यांना ठळक कड नसते. त्वचेला खालून बांधून ठेवणाऱ्या तंतूंमुळे पृष्ठभाग लाटांसारखा खालीवर होतो. एकाच गालावर तिन्ही प्रकार असणे ही सामान्य गोष्ट आहे आणि त्यामुळेच एकाच उपचाराने संपूर्ण चेहरा सुधारत नाही.

उंचवट्याच्या वणांचे दोन प्रकार आहेत. मूळ जखमेच्या सीमेत राहणारा तो अतिपुष्ट वण आणि सीमा ओलांडून पसरणारा तो कीलॉइड. कीलॉइड कापून काढल्यास पुष्कळदा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परत येतो. त्यावर ट्रायॲम्सिनोलोन या स्टिरॉइडची वणातच सुई देणे हा प्राथमिक उपचार आहे.

औद्योगिक पट्ट्यातील तेलाचे मुरूम

मुरूम हा केवळ पौगंडावस्थेचा विकार आहे, ही समजूत पिंपरी-चिंचवडसारख्या भागात अपुरी ठरते. पवनेच्या काठावरील थेरगाव आणि शेजारचे काळेवाडी, रहाटणी, वाकड हा परिसर चिंचवड, भोसरी, तळवडे व चाकण येथील कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांच्या वस्तीने वाढला आहे. लेथ, मिलिंग व ग्राइंडिंग यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या त्वचेवर कटिंग ऑइलचे तुषार दिवसभर उडतात. हे खनिज तेल रोमकूपांची तोंडे बुजवते आणि त्यातून ‘तेलाचे मुरूम’ उद्भवतात.

त्यांची जागा वेगळी असते. तेलाने भिजलेली बाही आणि विजार जेथे अंगाला घासते, तेथे, म्हणजे हाताच्या पुढच्या भागावर व मांड्यांवर, काळे कण आणि पुढे गळवे दिसतात. वयाची तिशी उलटलेल्या माणसालाही ते होतात. ते कपड्यांखाली राहत असल्याने दाखवले जात नाहीत आणि वण पडेपर्यंत अंगावर काढले जातात. पाण्यात मिसळून वापरण्याच्या कुलंटने मुरुमांपेक्षा खाज व त्वचादाह अधिक होतो. न मिसळता वापरायच्या तेलाने मुरूम अधिक होतात.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचनीय रोगांची यादी होती आणि तीत खनिज तेलामुळे होणाऱ्या मुरुमांचा व त्वचादाहाचा स्पष्ट समावेश होता. कामगाराला असा रोग झाल्यास कारखान्याच्या व्यवस्थापकाने आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरने संबंधित कार्यालयास कळवावे, अशी कलम ८९ ची तरतूद होती. म्हणजे कायद्याने या मुरुमांना सौंदर्याचा प्रश्न न मानता शिशाच्या विषबाधेच्या पंक्तीत बसवले. यादीत नाव आहे हे ज्यांच्यासाठी ती यादी केली, त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

प्रतिबंध साधा आहे. यंत्रावर तुषार अडवणारे झाकण, तेल शोषून न घेणारा ॲप्रन, रोज धुतलेले कामाचे कपडे आणि पाळी संपताच साबणाने आंघोळ. तेलाचे फडके किंवा कॉटन वेस्ट खिशात ठेवण्याची सवय मांडीवरील मुरुमांचे एक मोठे कारण आहे. हात स्वच्छ करण्यासाठी रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर वापरल्याने त्वचेवरील संरक्षक थर निघून जातो आणि त्रास वाढतो. काम बदलल्यावर किंवा संपर्क तुटल्यावर मुरूम थांबतात. पडलेले खड्डे राहतात.

तेलाच्या मुरुमांहून निराळा आणि अधिक गंभीर प्रकार ‘क्लोरॲक्ने’ हा आहे. तो डायऑक्सिनसारख्या क्लोरिनयुक्त रसायनांच्या विषबाधेने होतो. १९७६ मध्ये इटलीतील सेवेसो येथील रसायन कारखान्यातील दुर्घटनेनंतर परिसरातील मुलांमध्ये तो आढळला. २००४ मध्ये युक्रेनचे नेते व्हिक्टर युश्चेन्को यांच्या चेहऱ्यावर पडलेल्या खोल वणांमुळे तो जगभर परिचित झाला.

घर्षणानेही मुरूम चिघळतात. दुचाकीवरील हेल्मेटचा पट्टा, कारखान्यातील सुरक्षा टोपीची कपाळपट्टी आणि दिवसभर लावलेला मास्क यांच्या खाली घाम व दाब एकत्र येतात. हेल्मेट टाळणे हा अर्थातच उपाय नव्हे. आतले अस्तर धुणे आणि त्याखाली स्वच्छ सुती रुमाल बांधणे एवढे पुरते.

स्टिरॉइड मलमांचा गैरवापर

मुरूम व डाग यांवर औषधाच्या दुकानातून थेट घेतली जाणारी मलमे हे भारतातील वणांच्या प्रश्नाचे एक वेगळे अंग आहे. ‘गोरेपणाची’ म्हणून हातोहात फिरणाऱ्या अनेक मलमांत तीव्र स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण असते. स्टिरॉइड दाह दाबते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात चेहरा उजळ व नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, केस वाढतात आणि मलम थांबवताच मुरूम पूर्वीपेक्षा जोराने उसळतात. घाबरून पुन्हा तेच मलम लावले जाते.

देशातील अनेक केंद्रांत मिळून झालेला एक अभ्यास अबीर सारस्वत व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत असल्याचे आढळले. दुष्परिणामांत मुरूम सर्वांत पुढे होते. मुरूम घालवण्यासाठी घेतलेल्या औषधाने मुरूम येण्याचा हा प्रकार आहे. या प्रश्नावर भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतंत्र कृतिदल नेमले. २०१८ मध्ये केंद्र सरकारने बाह्य वापराच्या स्टिरॉइड मलमांना पूर्वी असलेली सूट काढून ती अनुसूची ‘एच’ च्या कक्षेत आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. मलमाच्या वेष्टनावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव असेल, तर ते मुरुमांसाठी नाही.

प्रतिजैविकांबाबतही असाच निष्काळजीपणा आढळतो. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समुळे पिंपरीचे नाव देशाच्या औषधनिर्मितीच्या नकाशावर आले. त्याच औषधवर्गाची परिणामकारकता आज अतिवापराने घटत आहे. मुरुमांसाठी तोंडाने घ्यायची प्रतिजैविके साधारण तीन महिन्यांपुरती आणि बेंझॉइल पेरॉक्साइडसारख्या लावण्याच्या औषधाच्या जोडीनेच द्यावीत, असा संकेत आहे. एकट्या प्रतिजैविकाने जिवाणू प्रतिरोधक बनतात.

उपचार

उपचारांचा क्रम ठरलेला आहे. आधी चालू मुरूम आटोक्यात आणणे, मग डाग फिके करणे आणि शेवटी खड्ड्यांकडे वळणे. नवे मुरूम येत असताना खड्ड्यांवर लेझर मारणे म्हणजे गळक्या छताखाली भिंत रंगवणे होय.

मुरुमांसाठी ॲडॅपलीनसारखी रेटिनॉइड जेल आणि बेंझॉइल पेरॉक्साइड ही पायाभूत औषधे आहेत. त्यांचा परिणाम दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. आरंभी त्वचा कोरडी पडते व सालपटे निघतात म्हणून बरेच जण दोन आठवड्यांत औषध सोडून देतात. या दोन औषधांचे मिश्रण सहा महिने वापरल्यास नवे वण पडण्याचे प्रमाण घटते, असे चाचण्यांतून दिसले आहे. खोल गाठींच्या किंवा वण पडू लागलेल्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन ही गोळी देतात. ती गर्भाला अत्यंत घातक आहे. स्त्रियांनी उपचाराच्या काळात आणि गोळी थांबवल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळणे अनिवार्य आहे. एखाद्या नातलगाला लागू पडली म्हणून तिची उरलेली गोळी खाणे धोक्याचे आहे.

आयसोट्रेटिनॉइन घेत असताना आणि त्यानंतर सहा महिने वणांवर कोणतीही प्रक्रिया करू नये, असा दंडक पूर्वी होता. २०१७ च्या सुमारास भारतातील व परदेशांतील तज्ज्ञगटांनी तो शिथिल केला. सूक्ष्म सुयांचा उपचार, वरवरची सालकाढणी आणि काही लेझर प्रकार या काळातही करता येतात. संपूर्ण त्वचा खरवडण्याच्या यांत्रिक प्रक्रिया मात्र टाळल्या जातात.

डागांवर सर्वांत महत्त्वाचा उपचार म्हणजे उन्हापासून बचाव. सावळ्या त्वचेत दृश्य प्रकाशानेही डाग गडद होतात. त्यासाठी लोहाचे ऑक्साइड असलेले, किंचित रंगीत सनस्क्रीन अधिक उपयोगी पडते. ॲझेलेइक आम्ल मुरूम आणि डाग या दोहोंवर चालते आणि गरोदरपणातही तुलनेने सुरक्षित मानले जाते.

खड्ड्यांच्या उपचारात प्रकारानुसार साधन निवडावे लागते. अरुंद, खोल खड्ड्यांसाठी तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक आम्लाचा थेंब टोकदार लाकडी काडीने केवळ खड्ड्याच्या तळाशी लावतात. काही सेकंदांत तेथे पांढरा थर दिसतो, पुढे खपली धरते आणि तळापासून नवे कोलॅजेन तयार होते. ‘क्रॉस’ या नावाची ही पद्धत २००२ मध्ये कोरियात प्रथम मांडली गेली. ती मुळातच आशियाई त्वचेवर पारखली गेल्यामुळे भारतात तिचा स्वीकार लवकर झाला. आसपासच्या त्वचेवर आम्ल सांडल्यास नवा वण पडतो. ऑनलाइन मिळणारे आम्ल आणून हा प्रयोग घरी केल्याने झालेल्या भाजण्याच्या जखमा त्वचारोगतज्ज्ञांकडे येतात. लाटांसारख्या खड्ड्यांसाठी ‘सबसिजन’ करतात. त्वचेखाली सुई घालून खड्ड्याला ओढून धरणारे तंतू कापले जातात आणि त्वचा वर उचलली जाते. ओरेनट्राइख यांनी १९९५ मध्ये तिचे वर्णन केले. नंतर काही दिवस गाल काळानिळा राहतो. रुंद, ठळक कडेच्या खड्ड्यांना पंचने उचलून घेता येते किंवा काढून टाके घालता येतात.

संपूर्ण गालाचा पोत सुधारण्यासाठी सूक्ष्म सुयांचा उपचार व फ्रॅक्शनल लेझर या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत बारीक सुयांनी अंतस्त्वचेपर्यंत असंख्य छिद्रे करतात. वरचा थर बहुतांशी शाबूत राहत असल्याने सावळ्या त्वचेवर डाग पडण्याचा धोका कमी असतो. फ्रॅक्शनल लेझरची कल्पना २००४ मध्ये पुढे आली. त्यात त्वचेवर उष्णतेचे सूक्ष्म स्तंभ उमटतात आणि मधली त्वचा अस्पर्श राहून जखम लवकर भरते. परिणाम चांगला असला, तरी लेझरची उष्णता मेलॅनिन चेतवते. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये केलेली त्वचावर्णांची विभागणी आरंभी गोऱ्या त्वचेपुरतीच होती. सावळ्या व काळ्या वर्णाचे वर्ग तीत नंतर जोडले गेले. बरीचशी उपकरणे आणि त्यांची मूळ मोजमापे याच गोऱ्या त्वचेवर ठरली. ती तशीच भारतीय चेहऱ्यावर वापरल्यास खड्डा थोडा उथळ होतो, पण त्याच्या जागी महिनोन्महिने टिकणारा काळा पट्टा येतो. त्यामुळे येथे लेझरचा जोर कमी, फेऱ्यांतील अंतर जास्त आणि उपचाराआधी-नंतर उन्हापासून कडक बचाव, अशी रीत आहे. भर उन्हाळ्यात असे उपचार पुढे ढकलणे शहाणपणाचे.

कोलॅजेन तयार होण्यास तीन ते सहा महिने लागतात. दुसऱ्याच आठवड्यात आरशात पाहून मत बनवू नये. एकाच जागी, एकाच उजेडात काढलेली छायाचित्रे ताडून पाहावीत. कोणत्याही पद्धतीने खड्डा पूर्णपणे पुसला जात नाही. तो उथळ होतो, कड मऊ होते, सावली कमी पडते. ‘शंभर टक्के खात्री’ अशी पाटी दिसल्यास सावध होणे बरे.

घरगुती उपाय

जायफळ दुधात उगाळून लावणे, चंदन, हळद, मसुराचे पीठ, मुलतानी माती हे महाराष्ट्रातील पिढीजात उपाय आहेत. हळदीत दाह कमी करणारे गुण आहेत आणि मुलतानी माती तेल शोषते, एवढे मान्य करता येते. खड्डा भरण्याचे सामर्थ्य यांपैकी कशातही नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजून पक्के काळे डाग पडतात. टूथपेस्ट व खाण्याचा सोडा यांनी त्वचा जळते. पाहण्याच्या कार्यक्रमाच्या किंवा लग्नाच्या तोंडावर एकदम सगळेच लावून पाहण्याने अनेक चेहरे नेमक्या त्या दिवशी बिघडतात. घरी वापरायचे सुयांचे रोलर निर्जंतुक नसतात. चालू मुरुमांवर ते फिरवल्यास पू सर्व चेहऱ्यावर पसरतो.

मानसिक बाजू

वणांचा मनावरील परिणाम त्यांच्या खोलीच्या प्रमाणात नसतो. दुसऱ्या श्रेणीचे, हातभर अंतरावरून न दिसणारे वणही एखाद्या मुलीचे कॉलेज किंवा एखाद्या मुलाची मुलाखत थांबवू शकतात. घरातील ‘एवढं काय त्यात’ आणि शेजारचे ‘तोंडाला काय झालं?’ ही दोन्ही वाक्ये सारखीच बोचतात. उपचार ठरवताना त्वचेइतकीच या गोष्टीची विचारपूस व्हावी, असे तज्ज्ञ मानतात.

खर्च आणि उपलब्धता

वणांचे उपचार अनेक फेऱ्यांचे असल्याने खर्चिक असतात. भारतीय विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांत सौंदर्योपचार येतात. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला त्यातून सूट आहे. मुरुमांच्या वणांचा खर्च त्यामुळे आरोग्य विम्यातून सहसा मिळत नाही. मुरुमांचा उपचार मात्र औषधोपचार असून तो सार्वजनिक रुग्णालयांत अल्प खर्चात होऊ शकतो. पिंपरी-चिंचवडमध्ये महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, पिंपरीतील डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालय ही मोठी केंद्रे आहेत. औद्योगिक कामगारांना राज्य कामगार विमा योजनेच्या रुग्णालयात दाखवता येते आणि मुरूम तेलाचे असल्यास कामाचे स्वरूप तेथे आवर्जून सांगणे आवश्यक आहे. लेझर व आम्लाचे उपचार त्वचारोगातील पदव्युत्तर पदवी वा पदविका असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरकडूनच घ्यावेत. ब्यूटी पार्लरमधील प्रमाणपत्र त्यासाठी पुरेसे नाही. पहिल्या भेटीला जाताना आजवर लावलेल्या सर्व मलमांच्या रिकाम्या ट्यूब सोबत नेल्यास निदान सोपे होते, कारण नावे विसरली जातात आणि स्टिरॉइड आहे की नाही ते वेष्टनावरूनच कळते.